समोरचा पॅकच करत नसेल तर पोकर कसं खेळायचं? (शनिवारच्या घरगुती गेममध्ये नव्याने बसणाऱ्यांसाठी)

दर शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास कर्वेनगरला माझ्या मावसभावाच्या टेरेसवर आम्ही सात-आठ जण पोकर खेळतो. नो लिमिट टेक्सास होल्डेम (पोकरचा प्रकार: हातात दोन पत्ते, मध्ये पाच उघडे, लावायला मर्यादा नाही), पैसे अजिबात नाहीत, फक्त चिप्स आणि एक गुगल शीट ज्यात वर्षभराचे पॉइंट लिहिले जातात, आणि महिन्यात शेवट येणाऱ्याने रविवारी सकाळी सगळ्यांसाठी मिसळीची तयारी करायची. पहिलं अख्खं वर्ष मटकी मीच भिजवली. व्हिडिओ बघून बघून मी थिअरी पाठ केलेली, रेंज (कोणाकडे काय काय पत्ते असू शकतात), बॅलन्स, ब्लफ कधी करायचा, सगळं तोंडपाठ, आणि तरी ज्यांना फ्लश आणि स्ट्रेटमध्ये मोठं काय ते विचारावं लागायचं तेच माझ्या चिप्स घेऊन जायचे.

गोंधळ कुठे होता ते कळायला मला आठेक महिने लागले. त्या व्हिडिओंमध्ये समोरचा विचार करून फोल्ड करणारा, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडणारा माणूस असतो. आमच्या टेरेसवर तसा कुणी नाही. आमच्याकडे फोल्डला अजूनही 'पॅक' म्हणतात आणि पॅक करणं म्हणजे घाबरणं. तुम्ही नवीन असाल आणि तुमच्याही ग्रुपमध्ये हेच चालत असेल तर मी खाल्लेल्या ठेचा तुम्हाला खायला लागू नयेत म्हणून हे लिहितेय. नियम अगदीच माहीत नसतील तर ते आधी शिकून या, इथे ते सांगत बसले तर रात्र संपेल.

आधी हे जमवा

- पत्त्यांचे दोन जोड, शक्यतो प्लास्टिकचे (एक वाटत असताना दुसरा पिसायचा, वेळ वाचतो)
- ३०० तरी चिप्स. आम्ही सुरुवातीला कॅरमच्या सोंगट्या घेतल्या, पण १९ सोंगट्यांत सात माणसं काय खेळणार, मग राजमा आणि चवळी. शेंगदाणे वापरू नका, लोक स्टॅक (आपल्या समोरचा चिप्सचा ढीग) खातात.
- बटण (वाटणारा कोण याची खूण) म्हणून काहीही, आमच्याकडे बरणीचं झाकण आहे
- फोनमध्ये नोट्स किंवा छोटी वही. ही सगळ्यात महत्त्वाची, का ते पुढे येईल.
- रीबायची (चिप्स संपल्यावर नव्याने घेण्याची) मर्यादा. आमच्याकडे रात्रीत दोनच. ही ठेवाच, नाहीतर चिप्स फुकट असल्यामुळे सगळेच दर हाताला ऑल-इन जातात (सगळ्या चिप्स आत टाकतात) आणि मग तो पोकर राहत नाही, लॉटरी होते.

आता पैशांचं. सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात म्हणून सांगते, महाराष्ट्रात जुगाराचा कायदा १८८७ चा आहे आणि अजून चालू आहे, पोकर कौशल्याचा खेळ की नशिबाचा यावर कोर्टांचंही एकमत नाही, गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्ये त्याला जुगारातच धरलं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद झाले, कौशल्याचे असले तरी. त्यामुळे 'ॲपवर थोडे पैसे टाकून प्रॅक्टिस करू' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. खऱ्या टेबलावर बसायचंच असेल तर गोव्यातले लायसन्सवाले कसिनो आहेत, तिथे वय २१ पूर्ण लागतं आणि सरकारी फोटो ओळखपत्र जवळ ठेवायचं. पुढचं सगळं चिप्सच्या खेळाबद्दल आहे.

१. आधी डोक्यातली तीन पत्ती काढा

आपण बहुतेक सगळे दिवाळीतल्या तीन पत्तीतून पोकरला आलोय, आणि लोक पॅक का करत नाहीत याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. तीन पत्तीत न बघता ब्लाइंड खेळत राहणाऱ्याला मान असतो, त्याला निम्म्यात चाल मिळते, आणि सीन करून लगेच पॅक करणाऱ्याला सगळे हसतात. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोन जणांनी सक्तीने टाकायच्या चिप्स, बस. त्यात शौर्य वगैरे काही नाही. पण आमच्या मन्याला (मावसभाऊ तो हाच, मॅनियाकवरून मन्या) हे अजून पटलेलं नाही.

नवीन माणूस इथे हमखास अडकतो: तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठी, पोकरमध्ये उलटं, फ्लश स्ट्रेटला मारतो. आणि एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत फार वरची सिक्वेन्स आहे पण पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतचा स्ट्रेट सगळ्यात लहान. पहिल्याच रात्री मी स्ट्रेट घेऊन ऑल-इन गेले होते, समोर बदामाचा फ्लश, आणि मी आनंदाने पॉट ओढायला हात पुढे केला. अजून चिडवतात.

२. समोरचा नक्की कुठल्या जातीचा, ते मोजा

'तो काहीही खेळतो' एवढ्यावर थांबू नका. न पॅक करणारे दोन प्रकारचे असतात आणि दोघांचं औषध वेगळं आहे. मी सगळ्यांना एकच औषध देत होते म्हणून वर्ष गेलं.

एक मन्या. हा रेझ करतो (रक्कम वाढवतो), परत रेझ करतो, हातात काय आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो, आणि कोणी उलट रेझ केलं तर त्याला ते आव्हान वाटतं.

दुसरे वरच्या मजल्यावरचे काका. काका स्वतःहून काही लावत नाहीत पण तुम्ही लावलं की कॉल, म्हणजे तेवढंच भरून डावात राहायचं. इंग्रजीत यांना कॉलिंग स्टेशन म्हणतात, आम्ही लोणावळा लोकल म्हणतो, ती कशी खडकीला थांबते, दापोडीला थांबते, कासारवाडीला थांबते, तसे काका फ्लॉपला (मधले पहिले तीन उघडे पत्ते) कॉल, टर्नला (चौथा) कॉल, रिव्हरला (पाचवा) कॉल.

मोजायचं कसं: पहिले ३० हात नुसत्या रेघा मारा. फ्लॉपच्या आधी त्या माणसाने स्वतःच्या मर्जीने चिप्स टाकल्या की एक रेघ (बिग ब्लाइंड, म्हणजे मोठी सक्तीची रक्कम टाकणारा, काही न वाढवता नुसता चेक करून पुढे गेला तर धरायचं नाही), त्यात रेझ केलं असेल तर रेघेवर आडवी फुली. ३० पैकी १५च्या वर रेघा म्हणजे माणूस ढिला आहे. त्यातल्या निम्म्या-अधिक फुल्या असतील तर मन्या, फुल्या नसतील तर काका. आमच्याकडे तासाला वीसेक हात होतात, म्हणजे दीड तासात चित्र येतं. आणि शोडाऊनला (शेवटी पत्ते उघडताना) काय दाखवलं ते लिहा. माझ्या वहीत पहिल्या रात्री मन्यासमोर 'नव्वी-तिर्री, वेगळे रंग, फ्लॉपआधी रेझ' असं लिहिलंय, एवढ्या एका ओळीने मला पन्नास व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवलं.

३. खुर्ची निवडा

हे एक मिनिटाचं काम आहे आणि कोणीच करत नाही. मन्या तुमच्या उजव्या हाताला हवा. चाल डावीकडे फिरते, म्हणजे तो आधी बोलणार आणि तुम्ही नंतर, त्याने रेझ केलंय का नाही हे बघून तुमचं ठरणार. तो डावीकडे बसला तर तुम्ही साठ टाकले की तो अडीचशे करणार आणि तुम्ही रात्रभर अडकणार. घरगुती गेममध्ये जागा ठरलेल्या नसतात, लवकर या आणि 'मला पंख्याखाली बसायचंय' म्हणा. दोन वर्षं झाली, पंख्याचं खरं कारण अजून कोणाला कळलेलं नाही, आता हे वाचून कळेल.

त्याच्या डावीकडे जागा मिळालीच नाही तर कमी हात खेळा, इतकंच.

४. ब्लफ बंद

पूर्ण बंद. थोडासा, कधीतरी, बोर्ड (मधले उघडे पत्ते) फारच छान असेल तेव्हा, असं काही नाही.

माझा हात सांगते. माझ्याकडे इस्पिकचे राजा-राणी, फ्लॉप एक्का, अठ्ठी, चव्वी, तीन रंगांचे. मी लावलं, मन्याने कॉल. टर्नला दुर्री, मी अजून लावलं, कॉल. रिव्हरला काहीतरी फालतू पत्ता आला आणि मी माझी गोष्ट पूर्ण करायला ऑल-इन. गोष्ट अशी की माझ्याकडे एक्का आहे, सुरुवातीपासून आहे, कोणालाही पटेल. मन्याने दोन सेकंद घेतले, 'बघू तरी काय आहे' म्हणाला, आणि अठ्ठी-सत्तीवर कॉल केला. मला वाटलं काय जबरदस्त ओळखलं याने. छे. त्याने काही ओळखलं नव्हतं, त्याने माझी गोष्ट ऐकलीच नव्हती. ब्लफ म्हणजे समोरच्याला सांगितलेली गोष्ट असते आणि ज्याला फक्त पत्ते बघायचेत त्याला गोष्ट सांगून काय उपयोग.

हिशोबच करायचा तर सोपा आहे. पॉट ६०० आणि तुम्ही ६०० चा ब्लफ मारला तर तो निम्म्या वेळा पॅक करायला हवा, तेव्हा कुठे बरोबरी. ३०० चा मारला तर तीनातून एकदा. आता मन्या समजा पाचातून एकदा पॅक करतो. ६०० च्या ब्लफमध्ये एकदा ६०० मिळाले, चारदा ६०० गेले, म्हणजे पाच वेळात १८०० गेले, दर ब्लफमागे ३६०. तुम्ही कितीही गंभीर चेहरा करा, आकडा हलत नाही.

यातच मोडणारा एक छुपा ब्लफ असतो, फ्लॉपच्या आधी रेझ केलं म्हणून फ्लॉपला काही न लागताही सवयीने लावायचं. एक्का-राजा हातात असला तरी फ्लॉपला त्यातलं काही जुळतं ते फक्त तीनातून एकदा. बाकी दोन वेळा काकांसमोर चेक करा आणि गप्प बसा. पूर्ण ब्लफपेक्षा याच सवयीने माझ्या जास्त चिप्स गेल्यात असा माझा अंदाज आहे.

५. काय खेळायचं आणि किती टाकायचं

आमचे ब्लाइंड १०-२०, सुरुवातीचा स्टॅक २०००. पुस्तकी रेझ ६० चं. आमच्याकडे ६० म्हणजे आमंत्रण, पाच जण येतात. आणि पाच जण आले की काय होतं बघा: एक्क्यांची जोडी एका कुठल्याही हातासमोर साधारण ८५ टक्के जिंकते, दोघांसमोर ७३, तिघांसमोर ६४, आणि पाच जणांसमोर ४९. म्हणजे जगातला सगळ्यात भारी हात आणि निम्म्या वेळा हरणार. (तोट्यात जात नाही तुम्ही, कारण सहा जणांच्या चिप्स पॉटमध्ये असतात आणि निम्म्या वेळा त्या तुमच्या, पण 'एक्के फोडले माझे' म्हणून रडायला कारण नाही. सहा जणांत ते फुटणारच.)

म्हणून रक्कम वाढवा. मी १२० टाकते, आधी कोणी नुसतं कॉल करून बसलं असेल तर प्रत्येकामागे अजून २०-३०. विचित्र दिसतं, सुरुवातीला लोक 'ओहोहो' करतात, आणि तरीही दोन जण येतात. दोनच हवेत.

मन्याने आधी रेझ केलं असेल तर त्याला एकट्याला धरायचं. तो ८०, तुम्ही २८० च्या आसपास, बाकीचे बाजूला होतात आणि हा कॉल करतोच. यासाठी अगदी राजे-एक्के लागत नाहीत, अठ्ठ्यांच्या जोडीपासून वरच्या जोड्या, एक्क्याबरोबर दश्शी किंवा वरचं काही, राजा-राणी, एवढं चालतं. मोजलंत तर दोन पत्त्यांच्या एकूण १३२६ शक्यतांपैकी १२२ होतात, दहा-अकरा हातांत एकदा. बाकीचे नऊ-दहा वेळा पत्ते टाका, चहा प्या.

छोट्या जोड्या आणि एका रंगाचे शेजारी-शेजारी पत्ते, छक्की-सत्ती वगैरे, यांचं मात्र जपून. व्हिडिओत सांगतात की ढिल्या लोकांसमोर हे पत्ते सोनं. काकांसमोर सोनं आहे खरंच, कारण स्वस्तात फ्लॉप बघायला मिळतो आणि लागलं की काका पैसे देतात. पण टेबलावर मन्या असेल तर स्वस्तात काही मिळतच नाही, तुम्ही २० टाकता, तो १५० करतो. छोट्या जोडीला फ्लॉपला तिसरा पत्ता लागतो आठ-साडेआठ वेळात एकदा. माझा नियम: त्या वेळी दोघांपैकी ज्याचा स्टॅक लहान त्याच्या पंधराव्या हिश्श्यापेक्षा जास्त भरावं लागत असेल तर टाकून द्या. २००० ला साधारण १३०.

६. हात लागला की मोठं लावा, आणि लावत राहा

ब्लफ बंद केला की लोकांना वाटतं झालं, ॲडजस्ट झालो. ती निम्मी गोष्ट. ब्लफ बंद केल्याने तुमचं जाणं थांबतं, येणं सुरू होतं ते इथून.

काकांसमोरचा एक हात सांगते, याच्याआधी मी अशा हातात घाबरून दीडशे-दोनशे लावायचे. माझ्याकडे एक्का-राणी, १२० टाकले, काका आणि अजून एक जण आले, पॉट ३९०. फ्लॉप राणी, नव्वी, चव्वी. मी ३०० लावले, काका कॉल, दुसरा गेला. पॉट ९९०. टर्न फालतू, मी ७००, काका कॉल. रिव्हर अजून फालतू, माझ्याकडे ८८० उरलेले, सगळे आत. काकांनी चष्मा वर केला, बोर्ड बघितला, म्हणाले 'मला वाटलंच होतं तुझ्याकडे राणी असणार' आणि कॉल केला. नव्वी-अठ्ठी. वाटलं होतं आणि तरी कॉल! हे वाक्य मी वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय.

मुद्दा हा की कॉल करायचा का नाही हे काका रकमेवरून ठरवत नाहीत, त्यांना जोडी लागली का एवढंच बघतात. मग ४०० लावून मिळणारा कॉल ८०० लावूनही मिळतो. समजा रिव्हरला तुम्ही टॉप पेअर (बोर्डावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी) घेऊन आहात, ते दहात सात वेळा कॉल करणार आणि कॉल केल्यावर चारात तीन वेळा तुम्ही पुढे असणार. ४०० लावले तर सरासरी १४० वाढतात, ८०० लावले तर २८०. फरक फक्त तुमच्या धीराचा.

आणि सापळा लावू नका. सेट लागला (हातातल्या जोडीला तिसरा पत्ता मिळाला) की नवीन लोकांना हुशारी सुचते, चेक करतात, काका पण चेक करतात, पुढचा पत्ता येतो, काका पुन्हा चेक, आणि शेवटी चिमूटभर पॉट मिळतो. काका स्वतःहून लावत नाहीत हे विसरलात की काय? त्यांच्यासमोर लावण्याचं काम तुमचंच.

७. मन्याला मात्र लावू द्या

इथे सगळं उलटं, म्हणून तर मोजायला सांगितलं. मन्यासमोर हात लागला की तुम्ही लावायची गरज नाही, तो लावतो. मी बिग ब्लाइंडला राजा-गुलाम घेऊन होते, मन्याने ८० केले, मी कॉल, बाकी सगळे गेले, पॉट १७०. फ्लॉप राजा, सत्ती, तिर्री. मी चेक, तो १२०, कॉल. टर्न दुर्री, चेक, तो ३००, कॉल. रिव्हर दश्शी, चेक, तो ७००. आता पोटात गोळा येतो. येऊ दे. पॉटमध्ये त्याचे धरून १७१० आहेत आणि मला ७०० भरायचेत, म्हणजे दहात तीन वेळा जरी मी पुढे असले तरी कॉल बरोबर. आणि वहीत नव्वी-तिर्रीवर रेझ लिहिलेला माणूस दहात तीनपेक्षा किती तरी जास्त वेळा हवेत असतो. कॉल. छक्की-पंजी, चव्वीची वाट बघत राहिलेला फाटका स्ट्रेट.

तिथे मी फ्लॉपलाच रेझ केलं असतं तर? काही नसताना बहुतेक वेळा तोसुद्धा विचारात पडतो, आणि जेव्हा काहीतरी असतं तेव्हाच खुशीत राहतो. त्याच्या हवेतल्या चिप्स हव्या असतील तर हवा भरू द्यायला लागते.

दोन अपवाद. बोर्डावर एकाच रंगाचे दोन पत्ते, शेजारी-शेजारी नंबर, असं काही भीतीदायक असेल आणि तुमचा हात खरंच मोठा असेल तर रेझ करा, तो ड्रॉवरही (अजून पूर्ण न झालेल्या फ्लश-स्ट्रेटवरही) कॉल करतो, भरू दे त्याला. दुसरा अपवाद काका. जो माणूस कधी लावत नाही त्याने अचानक रिव्हरला मोठं रेझ केलं तर दोन जोड्या असल्या तरी टाकून द्या. माझ्या वहीत काकांची रिव्हरची रेझ सहा वेळा आहे, सहाही वेळा फुल हाऊस नाहीतर फ्लश.

८. ड्रॉ असेल तर

हे लवकर सांगते. चार बदाम आहेत, पाचवा हवाय, नऊ पत्ते तुमच्या कामाचे. फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत ३५ टक्के, टर्नवर उभे असाल तर साधारण २०, म्हणजे पाचात एकदा. तोंडी हिशोब: फ्लॉपला कामाचे पत्ते गुणिले चार, टर्नला गुणिले दोन. दोन्ही बाजूंनी उघड्या स्ट्रेटला आठ पत्ते, मधला एकच नंबर हवा असेल तर चार.

व्हिडिओत ड्रॉवर जोरात लावायला शिकवतात कारण समोरचा पॅक करण्याची शक्यता जमेस धरलेली असते. आपल्याकडे ती जमा शून्य. म्हणून फुकट पत्ता मिळत असेल तर घ्या, स्वस्त असेल तर कॉल करा, महाग असेल तर सोडा. लागला की मग सहावा मुद्दा.

९. हरल्यावर काय करायचं

हे लिहायला जरा नको वाटतं कारण मी यात अजून कच्ची आहे. तुम्ही सगळं बरोबर करणार, एक्क्यांवर सगळे आत टाकणार, मन्या सत्ती-दुर्रीवर कॉल करणार आणि जिंकणार. आठात एकदा हे होतंच. आणि तो जिंकला की ओरडतो, उठून टेरेसभर फिरतो, वहिनीला आतून बोलावून दाखवतो.

त्यानंतरचे दहा हात धोक्याचे असतात. दोन गोष्टी होतात. एक, आपण मन्याच्या मागे लागतो, त्याने रेझ केलं की काहीही घेऊन परत रेझ, 'बघतेच तुला', आणि आता टेबलावर दोन मन्या. तो तुमच्यापेक्षा जुना खेळाडू आहे त्या प्रकारात, तिथे तुम्ही जिंकणार नाही. माझा उपाय साधा, उठायचं, चहा टाकायला आत जायचं, आलं किसायचं. चहा होईपर्यंत तीन-चार हात निघून जातात.

दुसरी जास्त पुणेरी आहे. समोरचा चुकला की ती चूक त्याला समजावून सांगितल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. 'अरे सत्ती-दुर्रीवर कोणी कॉल करतं का, बारा टक्के चान्स होता तुझा.' नका सांगू! त्याने खरंच ऐकलं आणि उद्यापासून नीट पॅक करायला लागला तर वरच्या आठ मुद्द्यांचं काय करायचं? 'मस्त खेळलास' म्हणा आणि पत्ते पिसा. काकांना मी एकदा आउट्स (कामाचे उरलेले पत्ते) मोजायला शिकवलं होतं, पुढचे दोन महिने मटकी पुन्हा माझ्याकडे.

आणि हो, मन्यालाही २२१ हातांत एकदा एक्क्यांची जोडी येते, तुमच्याइतकीच. तो वेडा आहे म्हणजे त्याच्याकडे कधीच काही नसतं असं नाही.

१०. वही चालू ठेवा

रात्री घरी आल्यावर पाच मिनिटं द्या: मोठे पॉट कोणते, कोणी काय दाखवलं, कोण बदलतोय. लोक बदलतात, हळू बदलतात, पण बदलतात, आणि तेव्हा ब्लफ बंदचा नियमही ढिला करावा लागेल. मी तीन वेळा पुरावा मिळाल्याशिवाय काही बदलत नाही.

मागच्या महिन्यात मला नव्व्यांचं फुल हाऊस लागलं, मन्या टर्नपर्यंत जोरात होता, रिव्हरला मी सगळे आत ढकलले. त्याने पत्ते उचलले, माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा रिव्हरला म्हणाला, 'पॅक.' टेबल शांत. काका म्हणाले, 'बरं वाटत नाहीये का रे तुला?'

रात्री वहीत लिहिलं: मन्या, रिव्हर, पॅक, १.